खाते आपले, पण किल्ली कोणाकडे? : संगणक वापरणाऱ्यांच्या मंडळाची रत्नागिरीला गरज

रत्नागिरीच्या बाजारपेठेत संगणक नाही असे दुकान आज शोधावे लागेल. राम आळीतील कापडवाला असो, मारुती मंदिराजवळचा हार्डवेअरवाला असो की मिरकरवाडा बंदरावर मासळीचा व्यवहार करणारा व्यापारी असो, बिल संगणकावर निघते, कर संगणकावर भरला जातो आणि पैसे मोबाइलवर येतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासून तर संगणक हा दुकानाचा मुनीमच होऊन बसला आहे. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना यानिमित्त एकच प्रश्न विचारावासा वाटतो. या मुनीमाच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे?

पुष्कळ ठिकाणी उत्तर असे येईल की, किल्ली दुकानात बसणाऱ्या मुलाकडे आहे, किंवा करसल्लागाराच्या कार्यालयात आहे, किंवा ज्याने संगणक बसवून दिला त्याच्याकडे आहे. पासवर्ड त्यालाच ठाऊक, हिशेब कोठे साठतो तेही त्यालाच ठाऊक. मालकाला दिसतो तो फक्त छापलेला कागद. उद्या तो मुलगा आखातात नोकरीला गेला किंवा पावसाळ्यात वीज पडून मशीन जळाले, तर पाच-सहा वर्षांचा हिशेब कोठून काढणार? कायद्याने तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जीएसटीचे हिशेब जपून ठेवावे लागतात. वहीच्या काळात अशी पराधीनता नव्हती. वही दुकानातच असे, ती मालकाला वाचता येत असे आणि मुनीम बदलला तरी वही बदलत नसे.

या दुखण्यावर एक जुना आणि अनुभवाला उतरलेला उपाय आहे. तो म्हणजे संगणक वापरणाऱ्यांचे मंडळ. संगणकाच्या क्लासपेक्षा ही गोष्ट निराळी. क्लासमध्ये एक जण शिकवतो, बाकीचे फी भरून ऐकतात, परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील मुलामुलींची संगणकाशी ओळख करून दिली, हे मोठेच काम झाले. मंडळात मात्र शिक्षक आणि विद्यार्थी असा भेद नसतो. प्रत्येक जण आपली अडचण घेऊन येतो आणि ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला दाखवतो. भिशीत जसा प्रत्येक जण पैसा टाकतो आणि आपली पाळी आली की उचलतो, तशीच ही माहितीची भिशी होय.

गॅरेजमधील पहिली बैठक

अशा मंडळांपैकी जगात सर्वांत गाजलेले मंडळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थाच्या गॅरेजमध्ये सुमारे तीस माणसे जमली. अल्टेअर ८८०० नावाचा, सुटे भाग घरी जोडून तयार करावयाचा संगणक तेव्हा नुकताच बाजारात आला होता. तो जोडताना येणाऱ्या अडचणी एकट्याने सुटत नव्हत्या, म्हणून ही मंडळी एकत्र आली. मंडळाचे नाव पडले होमब्रू कम्प्यूटर क्लब.

त्यांच्या बैठकीची रीत व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिल्या भागात एकेक जण उभा राहून आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे ते थोडक्यात सांगे. दुसऱ्या भागात ज्याला ज्याच्याशी काम असेल तो त्याच्याजवळ जाऊन बोले, सुटे भाग आणि माहिती यांची देवाणघेवाण होई. थोडक्यात, आधी हाक आणि मग सौदा. याच मंडळात स्टीव्ह वॉझनियाक नावाचा तरुण येत असे. त्याने आपल्या संगणकाचे आराखडे सभासदांना मोफत वाटले. त्याच संगणकाच्या बळावर १९७६ साली त्याने व स्टीव्ह जॉब्ज याने ॲपल ही कंपनी काढली. माहिती वाटल्याने त्याचे काही कमी झाले नाही.

दुसरे उदाहरण बोस्टन शहराचे. जोनाथन रोटनबर्ग या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाने १९७७ साली तेथे बोस्टन कम्प्यूटर सोसायटी सुरू केली. तिची सभासदसंख्या पुढे तीस हजारांच्या वर गेली. १९९६ साली मात्र ती बंद झाली. तोवर संगणक घरोघर आला होता, इंटरनेटवर माहिती मिळू लागली होती आणि सभासद गळत गेले.

येथे आमचा वाचक म्हणेल, मग आज मंडळ कशाला? मोबाइलवर विचारले की सगळे सापडते. हे अर्धेच खरे आहे. मोबाइलवर मिळते ती सर्वांसाठीची माहिती. वाशीच्या बाजारातून आलेल्या आंब्याच्या पट्टीत हमाली, तोलाई आणि भाडे वजा होऊन हाती किती पडले हे आपल्या खात्यात कसे लिहावे, किंवा डिझेल, बर्फ व रेशन वजा जाऊन नौकेच्या उत्पन्नाचे तांडेल-खलाशांत वाटे कसे पाडावेत, हे दाखवणारा माणूस शेजारच्या दुकानातच भेटेल. शिवाय कंपनीचा मदत क्रमांक म्हणून इंटरनेटवर सापडलेला क्रमांक ठकाचाही असू शकतो. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला दाखवणे याला अजून तरी पर्याय निघालेला नाही.

पुण्याची मंडळी

आपल्या राज्यात या प्रकारचे नमुनेदार काम पुण्यात झाले. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. संगणक सुरू केल्यावर जे मूळ सॉफ्टवेअर चालते, ज्यावर बाकीची सर्व कामे उभी असतात, त्याला प्रणाली म्हणतात. लिनक्स फुकट मिळे, त्यात काय लिहिले आहे ते कोणालाही वाचता येई आणि बदलता येई. पण त्यामागे विक्रेता नव्हता, म्हणून अडले तर विचारायचे कोणाला हा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून गावोगाव लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे निघाली. मुंबईत निघाले, तसे पुण्यातही पुणे लिनक्स युजर्स ग्रुप या नावाने निघाले.

सिम्बायोसिसच्या संगणक अभ्यास व संशोधन संस्थेच्या जागेत या पुणेकर मंडळींच्या बैठका भरत असत. विद्यार्थी, नोकरदार अभियंते आणि हौशी माणसे एकत्र बसत, एखादा विषय कोणी तरी मांडी आणि मग प्रश्नोत्तरे चालत. त्याच संस्थेत ग्नूनिफाय नावाचा वार्षिक मेळावाही भरू लागला. अशा मंडळांची आणखी एक रीत म्हणजे लोकांनी आपापले संगणक घेऊन यावेत आणि जाणकारांनी त्यांवर नवी प्रणाली बसवून द्यावी, चालवून दाखवावी. जागा महाविद्यालयाची, वेळ सभासदांचा, आणि खर्च म्हणाल तर चहाचा. मंडळाला इमारत लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही, हे पुण्याने दाखवून दिले.

रत्नागिरीतही जागेची वाण नाही. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, १९९६ पासून फिनोलेक्सचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिकणारी आणि शिकवणारी मुले गावातच आहेत. व्यापारी आणि ही मुले यांची गाठ पडत नाही, एवढेच काय ते उणे आहे.

अडचण व्यापाऱ्याची, उपाय मुलाचा

व्यापारी आणि जाणकार यांची गाठ पडली की काय होते, याचे उदाहरण बहुतेकांच्या दुकानातच आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर कसे निघाले ते पाहा. श्यामसुंदर गोएंका हे कारखाने व कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय करीत. आपले हिशेब ठेवण्यासाठी त्यांना मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी गणित शिकलेला आपला मुलगा भरत याला ते लिहायला सांगितले. १९८६ साली बंगलोरला त्यांची कंपनी निघाली आणि पुढे देशभरच्या दुकानांत टॅली पोहोचले. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

बाप व्यापार जाणत होता, मुलगा संगणक जाणत होता आणि दोघे एका घरात होते. ज्यांच्या घरात असा योग नाही त्यांच्यासाठी तो योग घडवून आणणे हेच मंडळाचे काम.

मलप्पुरमचा धडा

रत्नागिरीशी पुष्कळ साम्य असलेला एक जिल्हा केरळात आहे. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा. तेथेही घरटी कोणी ना कोणी आखातात, पैसा तिकडून यायचा आणि ख्यालीखुशाली विचारायला महागडे फोन करावे लागायचे. २००२ साली केरळ सरकारची अक्षय योजना निघाली, तिचे उद्घाटन त्या वेळचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी केले आणि पहिला प्रयोग मलप्पुरममध्ये झाला. प्रत्येक कुटुंबातील निदान एका व्यक्तीला संगणक चालवता आला पाहिजे, असा संकल्प होता. गावोगाव चालण्याच्या अंतरावर केंद्रे निघाली. त्यांतून शिकणाऱ्यांत घरची बायामाणसे होती, वृद्ध होते. पुढे दोन वर्षांच्या आसपास मलप्पुरम हा देशातील पहिला संगणक-साक्षर जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला.

ती योजना सरकारी होती आणि आपण बोलत आहोत ते मंडळ स्वयंसेवी, हा फरक आहेच. परंतु आखाताच्या पैशावर चालणाऱ्या समाजाने ठरवले तर काय होऊ शकते, हे तेथे दिसले. अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे गणिती अल् ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, हे आपण सभासमारंभांत अभिमानाने सांगतो. अभिमान रास्तच आहे, पण त्यावर दुकानाचे बिल निघत नाही.

चोरीची प्रत आणि हलाल रोजी

एक नाजूक विषयही बोलून टाकला पाहिजे. पुष्कळ संगणकांवर विकतचे सॉफ्टवेअर विकत न घेता चालते. कोणी तरी सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून बसवून देतो आणि मालकाला त्याची वार्ताही नसते. हा वाद फार जुना आहे. होमब्रू मंडळातच बिल गेट्स यांच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या प्रती फुकट वाटल्या गेल्या. तेव्हा ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून उघडे पत्र लिहिले आणि ही चोरी आहे, असे बजावले.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांवरील हक्कांना शरीयतने संरक्षण आहे, असा ठराव केला. म्हणजे जो व्यापारी माप पुरे देतो, व्याजापासून दूर राहतो, त्याने आपल्या गल्ल्यामागच्या संगणकात काय चालते आहे, तेही एकदा पाहून घ्यावे.

हलाल आणि स्वस्त असा मार्ग उपलब्ध आहे. लिनक्स आहे, पत्रे व तक्ते करण्यासाठी २०१० साली निघालेले लिब्रेऑफिस आहे. दोन्ही फुकट आणि कायदेशीर. जीएसटीची विवरणपत्रे तयार करण्याची साधने सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. ज्यांचे विंडोज १० चे जुने मशीन आहे त्यांना तर हा विषय आणखी जवळचा, कारण १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीची नेहमीची मदत थांबवली आहे आणि पुष्कळ जुन्या मशीनांवर पुढची आवृत्ती चालत नाही. असे मशीन भंगारात घालण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालते का, हे मंडळाच्या एका बैठकीत पाहता येईल.

मराठी आणि उर्दू अक्षरांचा प्रश्न

छापखानेवाले, लग्नपत्रिका व फलक करणारे आणि जमातीचे दफ्तर सांभाळणारे यांचे दुखणे वेगळेच आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केलेला मराठी मजकूर आज दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी इंग्रजी खुणांचा गोंधळ दिसतो. कारण असे की, जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. तो फॉन्ट मशीनवर नसला की मजकूर वाचता येत नाही. युनिकोड पद्धतीने हा प्रश्न सोडवला. १९९१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, त्यामुळे कोणत्याही मोबाइलवर ते अक्षर तेच दिसते.

उर्दूचीही तीच कथा. मिर्झा अहमद जमील यांनी तयार केलेली नूरी नस्तालीक १९८१ साली लाहोरच्या जंग या दैनिकात आली आणि हाताने कितबत करणाऱ्या कातिबांच्या धंद्याचे दिवस भरले. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने काढलेल्या इनपेज या सॉफ्टवेअरने ती उर्दू छापखान्यांत पोहोचवली. परंतु इनपेजच्या जुन्या आवृत्तीतील मजकूर त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडे. युनिकोड त्यात पुढच्या आवृत्तीत आले.

हा केवळ छापखान्याचा प्रश्न नाही. जमातीचे ठराव, मदरशाच्या पावत्या, कब्रस्तानच्या जागेचे कागद याच जुन्या फॉन्टांत किंवा पिवळ्या पडलेल्या कागदांवर आहेत. ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारचे उमीद पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मालमत्तांची माहिती त्यावर भरण्यास सहा महिन्यांची मुदत आली. अशा वेळी कागद शोधणे, त्यांचे स्कॅन करणे आणि ते नीट नावे देऊन चढवणे याला माहितगार माणसे लागतात. मुदत डोक्यावर आल्यावर माणसे शोधण्यापेक्षा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम आधीच हाती घेतलेले बरे. एकाने पद्धत शिकून दहांना दाखवली तर ते फार अवघड नाही.

चिपळूणचे पाणी

आता सर्वांत तातडीची गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठ बुडाली. दुकानातील माल गेला, फर्निचर गेले, वह्या गेल्या आणि संगणकही गेले. त्याआधी २००५ च्या जुलैतही चिपळूणकरांनी असेच पाणी पाहिले होते. किनाऱ्यावरची संकटे निराळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले. शिवाय खारी हवा, पावसाळ्याची ओल आणि विजेचा लपंडाव हे आपले बारमाही पाहुणे संगणकाच्या जिवावर उठलेलेच असतात.

अशा आपत्तीनंतर विम्याचा सर्वेक्षक येतो तेव्हा तो मालाचा साठा किती होता याचा पुरावा मागतो. खरेदीची बिले, साठ्याची नोंद, बँकेचा उतारा. ज्याचा हिशेब त्याच बुडालेल्या संगणकात होता त्याने काय दाखवावे? माल एकदा बुडाला, आणि पुरावा बुडाल्याने भरपाईही दुसऱ्यांदा बुडाली.

उपाय साधा आहे. जाणकार त्याला तीन-दोन-एक असा नियम म्हणतात. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी प्रत दुकानाबाहेर असावी. संगणकात एक, घरी नेलेल्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर एक आणि इंटरनेटवरील खात्यात एक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली पाहिजे. न उघडलेली प्रत आणि न मोजलेली रोकड यांवर भरवसा ठेवू नये. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने एवढे जरी करून घेतले, तरी मंडळ काढल्याचे चीज झाले, असे आम्ही म्हणू.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

युपीआय २०१६ साली आले आणि पानवाल्यापासून मासळी विकणाऱ्या भगिनींपर्यंत सर्वांच्या हाती पोहोचले. त्याबरोबर ठकही आले. पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला लावणे, बँकेतून बोलतो म्हणून मोबाइलवर एखादे ॲप बसवायला लावणे, दुकानातल्या क्यूआर कोडवर आपला कोड चिकटवणे, पैसे दिल्याचे खोटे चित्र दाखवणे, या नित्याच्या युक्त्या. नियम एकच पाठ करावा की, पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची आशा अधिक.

फसलेला माणूस लाजेने बोलत नाही आणि म्हणून त्याच युक्तीला शेजारचा दुकानदारही फसतो. मंडळात अशी हकीगत नाव न घेता सांगितली गेली तर आठ दिवसांत सारी पेठ सावध होईल.

रत्नागिरीत मंडळ कसे चालावे

आमच्या मते मंडळाची घडी आपल्या हंगामांप्रमाणे बसवावी. मार्च ते मे आंब्याची धावपळ. तेव्हा बैठक लहान ठेवावी आणि विषय पेट्या, भाडे व पट्टी यांच्या तक्त्याचा घ्यावा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा आपला माल अस्सल असल्याचे कागद नीट ठेवणे आता धंद्याचाच भाग झाला आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत मच्छीमार आणि मासळी व्यापाऱ्यांना सवड असते. शिकण्याचा तो खरा मोसम. होड्यांचे सुतार आणि इंजिनचे मेकॅनिक यांची मात्र त्याच दिवसांत घाई असते, म्हणून त्यांच्यासाठी नारळी पौर्णिमेनंतरचा काळ राखावा. शिलाई, भरतकाम आणि घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या भगिनींची बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी वेगळी घ्यावी आणि ती त्यांनीच चालवावी.

शाबान महिन्यातली एक बैठक जकातीच्या हिशेबासाठी ठेवावी, अशी आमची खास सूचना आहे. विक्रीच्या मालावर जकात आहे, तर होडी, जाळी, शिलाईयंत्र ही कामाची साधने त्यातून वगळली जातात. जकातीचे वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. जो मार्चअखेरच्या ताळेबंदावर अडीच टक्के काढतो त्याचे दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात आणि ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाते. संगणकातला साठ्याचा तक्ता नीट असेल तर हव्या त्या तारखेचा हिशेब निघतो. बारीक मसले आलिमांना विचारावेत. आकडे मात्र आपल्याजवळ तयार असावेत.

नियम थोडे असावेत. महिन्याला एक ठरलेला दिवस, त्यात खंड नको. एका वेळी एकच विषय. आधी प्रत्येकाने आपली अडचण दोन मिनिटांत सांगावी. कोणत्याही कंपनीच्या मालाची विक्री बैठकीत होऊ नये. मंडळ मुस्लिम बांधवांपुरते असू नये, कारण पेठ सर्वांची आहे, वीज सर्वांची जाते आणि ठक कोणाची जात विचारत नाही.

एक शंका हमखास निघेल. आपली अडचण चारचौघांत सांगायची तर आपली गिऱ्हाइके आणि आपले भाव दुसऱ्याला कळतील. शंका रास्त आहे. त्यासाठी खरे खाते बैठकीत उघडूच नये. काल्पनिक नावांचे सरावाचे खाते तयार करावे आणि त्यावर सर्वांनी हात चालवावा. पासवर्ड तर भावालाही सांगू नये. पण मालकाने तो बंद पाकिटात घालून घरच्या तिजोरीत ठेवावा, म्हणजे बरेवाईट झाल्यास मागच्यांची अडचण होणार नाही.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह बकरातील २८२ वी. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहावा, साक्षीदार ठेवावेत, आणि ज्याला लिहिता येते त्याने लिहून देण्यास नकार देऊ नये, असा तिचा आशय आहे. बोरू गेला, टाक गेला, आता संगणक आला. हिशेब स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच राहिली, आणि ज्याला येते त्याने दुसऱ्याला मदत करण्याची जबाबदारीही राहिली.

मंडळाला सुरुवात करण्यास पाच माणसे, एक खोली आणि दोन संगणक पुरेत. मिरकरवाड्यातून एक, राजिवड्यातून एक, पेठेतून दोन आणि महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा किंवा मुलगी, एवढी माणसे तर कोणत्याही जुम्याच्या नमाजीनंतर चहाच्या टपरीवर जमतात. त्याच टपरीवर पहिल्या बैठकीचा दिवस ठरवावा आणि पहिला विषय घ्यावा तो हिशेबाच्या तीन प्रतींचा. पावसाळा दरवर्षी येतो. तो येण्यापूर्वी निदान आपल्या खात्याची किल्ली आपल्या हाती असू द्यावी.